डाव्या हातातला खडू

खडू पुन्हा निसटला, तशी कुमुदिनीबाईंनी मान खाली घातली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिलीच्या वर्गावरचा त्यांचा हा पहिलाच दिवस. एके काळी शाळेतले सगळे सुविचार त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात फळ्यावर लिहिलेले असायचे. आता उजवा हात मुळी ऐकतच नव्हता.

त्यांनी खडू डाव्या हातात घेतला आणि कसाबसा ‘क’ काढला. दांडी तिरकी गेली, गोल उघडाच राहिला. बाईंचे डोळे भरून आले. हे आता आपल्याच्यानं होणार नाही, आजच मुख्याध्यापकांना सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात पुढच्या बाकावरची कस्तुरी उठून फळ्याजवळ आली.

“बाई, रडू नका ना. माझापण ‘क’ असाच येतो.”

“मग तू काय करतेस गं?”

“पुसते आणि परत काढते,” असं म्हणून तिनं डस्टर बाईंच्या हातात दिलं.

बाईंना हसू फुटलं. त्या कस्तुरीशेजारी बाकावर बसल्या, तिच्याकडून पाटी मागून घेतली आणि गिरवू लागल्या. पोरं भोवती गोळा झाली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी कुणी बाहेर पळालं नाही. बाईंचा गोल अजून जुळायचा होता.