डॉक्टरांची टाच

१९७३ साली कोल्हापुरात दस्तगीर मिस्त्रींनी डॉक्टरांच्या विलायती स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलं आणि त्याच गाडीवर डॉक्टरांची बायको कुमुदिनी ड्रायव्हिंग शिकली. शेजारी डॉक्टर बसत. म्हैस आडवी आली तरी गाडी अलगद थांबे. "ब्रेकवर नुसता पाय टेकवते," ती गल्लीभर सांगे. "लायसन्स काय, पहिल्या झटक्यात!"

परीक्षेला शेजारी आरटीओसाहेब बसले. तिनं नुसता पाय टेकवला. गाडी थेट कुंपणात.

मिस्त्रींनी डावीकडचं कार्पेट उचललं. "वहिनीसाहेब, स्टिअरिंग उजवीकडे आणलं, पण ब्रेकचा दांडा अजून इकडूनच जातोय. इथं दाबलं तरी गाडी थांबते. डॉक्टरांच्या टाचेनं भोक पडलंय बघा!"

डॉक्टर कुंपण निरखत राहिले.

साहेबांनी बदली मागितली. मिस्त्रींनी गॅरेज विकलं. कुमुदिनीला चौथ्या खेपेला लायसन्स मिळालं. डॉक्टर गेले. पंचाहत्तरीतही ती ब्रेक इतक्या जोरात दाबते, की शेजारी कुणी बसत नाही.