नाईटचा डबा

"आई, खरं सांग. तू ड्यूटीवर झोपतेस ना?"

विचारून झालं आणि मुक्ताने जीभ चावली. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. काल मधल्या सुट्टीत रुचिराने सगळ्यांसमोर तिला चढवलं होतं. रुचिराची मौसी कुठल्याशा हॉस्पिटलात भरती होती, तेव्हा रात्री म्हणे सिस्टर लोक चक्क घोरत होत्या. "तेरी मम्मी भी सोती होगी, यार. हिम्मत है तो पूछ के दिखा!" आता आठच दिवसांपूर्वी वादविवादात अख्ख्या शाळेत पहिली आलेली मुक्ता अशी माघार घेते होय? "पूछूँगी! कल ही पूछूँगी!"

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. त्यांच्या इंदिरा नगरावर असं धुकं की समोरची पाण्याची टाकीसुद्धा गायब. थंडीमुळे शाळा दहाची झाली होती. आई नुकतीच नाईट करून आलेली. स्वेटरही न काढता ती गॅससमोर उभी राहून मुक्ताचा डबा भरत होती. मुक्ताला तिची फक्त पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून काही कळेना.

बाबांनी पेपर खाली केला. "मुक्ता! आईला असं विचारतात?"

"विचारू द्या तिला," आई म्हणाली. तिने गॅस बंद केला. "झोपत नाही गं. सात वर्षं झाली मला बाळांच्या वॉर्डात. एकदाही डोळा लागू दिला नाही. चार-पाच चहा पिते, तोंडावर पाणी मारते, खुर्चीला पाठ टेकवत नाही. पोट जड झालं की डोळे मिटतात, तेही सांभाळते. पण परवा पहाटे चारला..."

बाबा उठून उभे राहिले. म्हणजे त्यांनाही हे माहीत नव्हतं तर.

"एका बाळाला औषध द्यायचं होतं. एवढंसं बाळ, दीड किलोचं. अर्धा एमएल द्यायचं. पण सिरिंजवरच्या रेघा माझ्यासमोर नाचायला लागल्या. हात थरथरत होता. मी दीड एमएल भरलं. सरला सिस्टरने माझं मनगट धरलं, म्हणून. नाहीतर..."

"बाळ?" मुक्ता एक पाऊल पुढे सरकली.

"ठीक आहे. दिलंच नाही ना ते. इनचार्ज मॅडमनी एवढंच विचारलं, 'कल्पना, खाना खाया था?' मी हो म्हटलं. म्हणाल्या, परत असं झालं तर तुला या वॉर्डात नाही ठेवता येणार."

"आणि आज परत नाईट," बाबा हळूच म्हणाले.

"आज परत नाईट."

रुचिराला फेकून मारायला उत्तर मिळालं होतं, झोपत नाही म्हणून! पण मुक्ताला आता रुचिरा आठवतही नव्हती. तिला त्या नाचणाऱ्या रेघा दिसत होत्या. हात का थरथरावा? आई तर रोज डबा नेते. सकाळी तो रिकामा येतो, मुक्ताच तो घासते!

आणि कालचा डबा तर खास होता. काल संध्याकाळी मुक्ताने आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या लाटल्या होत्या. चार. एकही गोल नाही. एकीला चांगलं बोटभर शेपूट फुटलं होतं. "ही कुठल्या राज्याची?" म्हणून बाबा कितीतरी वेळ हसत होते. दुसरी एका कडेने काळी ठिक्कर. सोबत आईने केलेली गोभी-मटारची भाजी. डबा मुक्ताने स्वतः भरला होता आणि जिन्यापर्यंत मागे जाऊन ओरडली होती, "सगळं संपवायचं हं!"

"आई, माझ्या पोळ्या खाल्ल्यास ना?"

"खाल्ल्या की. एवढ्या मऊ झाल्या होत्या! एकही उरली नाही." आईने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा मुक्ताच्या हातात दिला. "जा, आटप आता."

डबा कढत होता. रोजच असायचा. शाळेत मुक्ता तो उघडताना मुद्दाम वाफ दाखवायची. "मेरी मम्मी नाईट करके आती है, फिर भी गरम रोटी बनाती है!" मग रुचिरासुद्धा एक तुकडा मागायची.

"लोणचं घातलंस?" म्हणत मुक्ताने झाकण उघडलं.

वरची पोळी तुपाने चमकत होती. तिला बोटभर शेपूट होतं.

मुक्ताने ती उचलून पाहिली. खालची एका कडेने काळी ठिक्कर. खाली आणखी दोन. चारच्या चार. म्हणजे रोजचा तो गरम डबा आईचाच होता, रात्री न खाता परत आणलेला आणि गॅसवर तापवलेला.

आई ओट्याला धरून उभी होती. डोळे लाल, ओठ कोरडे. काय भरलं आणि काय दिलं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. त्यांनी स्टूल ओढून आईच्या मागे ठेवलं.

आई बसली. मुक्ताने उघडा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि वादविवादाच्या स्टेजवर उभी राहिली होती तशीच ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. आजपासून मी शाळेत डबा नेणार नाही. म्हणजे आईला तिचा डबा रात्री स्वतःच संपवावा लागेल."