कोरडी भुई

शेजारच्या दाराला कुलूप होतं, म्हणून सर्वेला आलेल्या मुलीने उज्ज्वलालाच विचारलं, "ताई, इथं कोण राहतं?"

घरकुलाच्या यादीसाठी मंचरच्या कालव्याकडेची ती वस्ती त्या दिवशी लिहून घ्यायची होती. मुलीचं नाव वृषाली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. उज्ज्वलाच्या पत्र्याच्या दारावर तिने नुकताच लाल रंगाने नंबर टाकला होता. लेकीला, श्रेयाला, ताप होता म्हणून उज्ज्वला कामाला गेली नव्हती, नाहीतर तिच्याही दाराला कुलूपच असतं.

"बयाबाई," ती म्हणाली.

"कायम राहतात का?"

उज्ज्वलाने कुलपाकडे पाहिलं. त्या कुलपाआड शहाबादी फरशी होती. बयाबाई अवसरीला एका बंगल्यावर बिगारी होती, तेव्हा तिथल्या उरलेल्या, कडा तुटलेल्या फरशा तिने मागून घेतल्या होत्या. रोज एक, टेम्पोत मांडीवर धरून आणायची. बसवल्याही स्वतःच्याच हाताने.

उज्ज्वलाच्या घरात सारवण होतं. कालव्याला पाणी सुटलं की भुईतून ओल वर चढायची, गोधडी उचलली की खाली काळा डाग. अशा वेळी बयाबाई आपणहून हाक मारायची, पोरीला इकडं निजू दे म्हणायची. श्रेया उशी घेऊन पळत जायची. पुढं पुढं अभ्यासही तिकडेच व्हायला लागला. एकदा ती म्हणाली होती, आई, मावशीच्या घरात पाय कोरडे राहतात. ते वाक्य उज्ज्वलाला अजून जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

बयाबाईने एकदा तरी उपकार बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. मग तिला मनापासून शिव्या घालता आल्या असत्या. पण ती नुसती रोज संध्याकाळी फरशी पुसायची आणि ओलं फडकं दारातल्या दोरीवर टाकायची. ते फडकं दिसलं की उज्ज्वलाच्या अंगाची आग व्हायची. पुसण्याजोगी भुई आहे, म्हणून पुसते. आणि आता तिला नंबरही लागणार.

"कायम कुठलं," उज्ज्वला म्हणाली. "वर डोंगराला गाव हाय तिचं. भाताला जाती. हितं आपलं कांद्यापुरतं."

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. वृषालीने टॅबवर बोट टेकवलं आणि पुढच्या दाराकडे गेली. बयाबाईचा पत्रा कोरा राहिला. उज्ज्वला आत आली, पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

संध्याकाळी बयाबाई लोणीहून कांदे काढून आली. उज्ज्वलाच्या दारावरचा नंबर बघून लई बरं झालं म्हणाली, श्रेयाचा ताप हात लावून पाहिला. मग स्वतःच्या दारापुढे जरा वेळ उभी राहिली. कुलूप होतं म्हणून राहिलं असेल, असं तीच म्हणाली. उज्ज्वलाने हो म्हटलं.

रात्री बयाबाईला कुणीतरी सांगितलं, कार्यालयात जाऊन नाव लावता येतं, फक्त शेजाऱ्याची साक्ष लागते. सकाळी बयाबाईने कामावर खाडा केला, धुतलेलं लुगडं नेसली आणि उज्ज्वलाला बोलवायला आली. उज्ज्वलाने पोरीच्या तापाचं निमित्त काढलं. पण ताप उतरला होता, आणि श्रेया बयाबाईच्याच फरशीवर बसून पेज पीत होती.

कार्यालयात वृषालीच होती. टॅब चाळून ती म्हणाली की नोंद हंगामी झाली आहे, वर्षभर राहत नाहीत असं चौकशीत आलंय. बयाबाईला आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा ती सांगायला लागली, अकरा वर्षं झाली, डोंगरावर आता तिचं कुणी उरलेलं नाही, होतं ते घरसुद्धा बसलं.

"हिला इचारा," ती म्हणाली. "पत्र्याला पत्रा हाय आमचा. ही खोटं न्हाई बोलायची."

वृषालीने उज्ज्वलाकडे पाहिलं. तिने ओळखलं होतं. तिने टॅब टेबलावर ठेवला. बारा महिने इथंच असते, एवढं उज्ज्वलाने म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"काल मीच सांगितलं," उज्ज्वला म्हणाली. "खोटं सांगितलं."

बयाबाई वळली. तिने ऐकलं होतं, तरी विचारलं, "काय म्हनलीस?"

"तुज्या फरशीपायी."

बयाबाईचा हात टेबलाच्या कडेवर होता. नखांत अजून लोणीच्या रानाची माती होती. ती त्या हाताकडेच बघत राहिली.

वृषालीने अर्ज भरला आणि पुढे केला. बयाबाईने अंगठा उठवला. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. वृषाली हळूच म्हणाली की दुसऱ्या कुणाला घेऊन या, उद्या आलात तरी चालेल.

बयाबाईने अंगठा पदराला पुसला. मग शाईचं पॅड उचललं आणि उज्ज्वलाकडे न बघता तिच्यापुढे ठेवलं.

"हिचाच घ्या," ती म्हणाली. "शेजारी हीच ऱ्हाती."