नक्की?

वाघमोडे सर हर्षलाचा पेपर तिसऱ्यांदा चाळत होते. पास व्हायला तीन गुण कमी पडत होते. ती टेबलापाशी उभी होती, अकरावीतच गणित सोडण्याचा अर्ज घेऊन. सरांची सही तेवढी बाकी होती.

"थांब गं जरा, कुठेतरी सापडतील," सर म्हणाले. पण अर्धा गुणही वाढवता येईना. शेवटी ग्राफपेपर उरला. चार गुणांचा प्रश्न. वन बाय एक्सच्या ग्राफचे दोन तुकडे कधीच एकमेकांना भेटत नाहीत. हिने ते मधोमध जोडून टाकले होते.

सरांनी कागद खिडकीकडे तिरपा धरला आणि ते चमकले. खोडलेल्या पेन्सिलीचे वळ उमटले होते. दोन सुटे तुकडे, अगदी बरोबर!

"अगं, आधी बरोबर काढला होतास की! मग खोडलास कशाला?"

हर्षलाने मान खाली घातली. "तुम्ही माझ्या बाकापाशी थांबलात, सर. ग्राफ बघितलात आणि म्हणालात, 'नक्की?'"

सरांनी कागद खाली ठेवला. वीस वर्षं ते प्रत्येक बाकापाशी हेच विचारत आले होते, उत्तर चूक असो की बरोबर. मुलांनी पुन्हा विचार करावा म्हणून.

"हे बघ, चूक माझी आहे. तुला गणित येतं. तो अर्ज फाडून टाक."

तिने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"सोडायचंच म्हणतेस? नक्की?" सवयीने शब्द निसटलाच.

"हो, सर."

पहिल्यांदाच ती अडखळली नाही.