वगळलेला ठिपका

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनीच लस घेऊन रक्त दिलं होतं. कुणाच्या प्रतिपिंडांनी विषाणूला किती घट्ट धरलं, याचं समीकरण गणितज्ञानं मांडलं. प्रत्येक माणूस म्हणजे आलेखावरचा एक ठिपका; पकड जितकी घट्ट, तितका तो वर. सगळे रेषेवर शहाण्यासारखे बसले; बाटल्या धुणाऱ्या मावशींचा तेवढा दुधातल्या मिठाच्या खड्यासारखा तळाशी गेला. 'मोजणाऱ्याची चूक,' म्हणत त्यानं तो पुसला. पुन्हा मोजायलाही सांगितलं नाही. सरांनी पाठ थोपटली, आलेख भिंतीवर लागला. आज मावशी हात पुसत त्यापुढे थांबल्या. "माझा ठिपका कुठला रे?" पुसला म्हणून सांगायची त्याला शरम वाटली. त्यानं सरांच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "अगोबाई, इतका वर?" मावशी खुलल्या. "मग साथीच्या वॉर्डात बहिणीजवळ बिनधास्त बसते." मास्क काढून त्याच्याच हातात देत त्या निघाल्या. मास्क अजून कोमट होता. त्यानं हाक मारली. ती त्याची त्यालाच ऐकू आली.