गेरूची खूण

एकोणीस कण काढून टाकले, तरच सही. दानेश्वरीचे मार्गदर्शक महेश्वर सरांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं. तिचा पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात देण्याची मुदत आज पाचपर्यंत होती आणि सर मंद्रूपला पाहुण्यांकडे बारशाला आले होते. दानेश्वरीने त्यांना पंगतीतून उठवून आईच्या शेंगांच्या दुकानात आणलं होतं.

एका पोत्यावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर तिच्या प्रोग्रामने दाखवलेला एक द्रव होता, ज्या तापमानाला गोठायला हवा त्याच्याही खाली थंड केलेला आणि तरी न गोठलेला. कण एका मापाचे असते, तर प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रांगेत बसले असते. दानेश्वरीने मुद्दाम लहानमोठे घेतले होते. त्यांना रांग जमत नव्हती आणि सरकायला जागा नव्हती, म्हणून जो तो जागच्या जागी थरथरत होता. त्यातले एकोणीस मात्र बेशिस्तच. सगळ्यांपेक्षा सैल, संथ डोलत होते.

प्रोग्राम चुकलाय, असं सर चार वर्षं म्हणत होते. चुकलेला नाही, असं ती चार वर्षं म्हणत होती. आता साडेतीन वाजले होते. तिने एकोणीस कण निवडले आणि बोट डिलीटवर नेलं.

तिची आई सिद्धम्मा पलीकडे पोती चाचपत होती. लहानमोठ्या शेंगा एकत्र भरल्या की पोतं सगळीकडून दगडासारखं लागतं, पण एखाद्या जागी आतल्या शेंगा बोटाखाली हलतात. तिथे ती गेरूचं बोट ओढायची आणि पोतं बाजूला काढायची. शाळा चौथीपर्यंत, पण खूण कधी चुकली नव्हती.

सरांनी बसायला नेमकं खूण केलेलंच एक पोतं ओढलं.

“त्याच्यावर नगा बसू सर. खुणंपाशी फुटंल ते.”

“अहो अक्का, गच्च भरलंय की,” म्हणत सर बसले.

पोतं फुटलं. सर जमिनीवर, शेंगा मांडीवर, दोन-चार सदऱ्याच्या खिशात. दानेश्वरीने पदर नव्हता म्हणून लॅपटॉपमागे तोंड लपवलं.

सर त्या भोकाकडे बघत राहिले. भोकाच्या दोन्ही कडांना गेरू होता.

“डिलीट केलंस?”

“नाही सर.”

“मग जरा ढकलून बघ त्या द्रवाला.”

तिने ढकललं. बराच वेळ सगळं तसंच राहिलं. मग एके ठिकाणी कणांची घडी मोडली, आणि ती जागा त्या एकोणीस जणांची होती. सरांनी बसल्या जागीच खिशात हात घातला, आधी शेंग निघाली, मग पेन.

सही झाल्यावर सिद्धम्माने रिकामं पोतं त्यांच्यापुढे टाकलं.

“सर पास झाले म्हणायचं. आता तेवढ्या शेंगा भरा.”