मधलं पान

रफू करणाऱ्या मावशींच्या हाताखालून जुन्या गोधड्या पुष्कळ गेल्या होत्या, पण ही समोर आल्यावर त्यांनी चष्मा पुसून घेतला. अंगभर नुसती पानं. एक आजोबांच्या सदऱ्याचं, एक कुणाच्यातरी गणवेशाचं, एक साडीच्या काठाचं. घरातल्या माणसांचे जुने कपडे कापून कुणीतरी अख्खं झाडच शिवलं होतं.

मधलं एकच पान सुटं होतं. त्याचं टोक अलगद वर यायचं आणि खाली बसायचं. पंख्याचा वारा, दुसरं काय. फाटलेलं सगळं सांधून झाल्यावर मावशींनी जाता जाता तेही चार टाक्यांत पक्कं केलं. अर्धवट काम त्यांना बघवत नसे.

संध्याकाळी त्या घरची सून गोधडी न्यायला आली. टेबलावर पसरलेल्या गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, "अगदी सासूबाईंच्या हातचं वाटतंय. ते मधलं पान तेवढं शिवलं नाही ना? त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत त्याला."

"का बरं?"

"काय माहीत. विचारलं की नुसत्या हसायच्या."

मावशींनी वर पाहिलं. छताला रिकामा आकडा होता. पंखा कधीचा दुरुस्तीला दिलाय, हे त्यांना आत्ता आठवलं.

टेबलावरची गोधडी सावकाश फुगली. आता खाली बसेल, मग बसेल, म्हणून दोघी बघत राहिल्या.

ती बसली नाही.

"मावशी," सून हळूच म्हणाली, "कात्री द्या."